नुसतं ‘पाठीशी आहोत’ नको, तारीख सांगा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की असं एखादं भाषण सांगा जे ऐकून घरी आल्यावर हातात काहीच उरलं नाही. पत्रं आली, मेल आले, काहींनी तर व्हॉइस नोट पाठवल्या. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जी पत्रं वाचून मला रात्री झोप लागली नाही ती इथे घेतलीयेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी बावीस वर्षं जिल्ह्याच्या पेपरला बातमीदार होते. झेडपीच्या सभा, मंत्र्यांचे दौरे, भूमिपूजनं, सत्कार, सगळं कव्हर केलं. भाषण संपलं की वहीची चार पानं भरलेली असायची आणि ऑफिसात येऊन बातमी करायला बसलं की त्या चार पानांत बातमीची एक ओळ सापडायची नाही. मग ‘ते म्हणाले’, ‘ते पुढे म्हणाले’, ‘त्यांनी स्पष्ट केले’ असं करत कॉलम भरायचा. स्पष्ट काहीच केलेलं नसायचं. ते मी वर्षानुवर्षं छापलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा विषय माझ्यासाठी वरवरचा नाही.

प्रश्न : मी माढा तालुक्यातला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमचं सोयाबीन गेलं, ऊस आडवा झाला, नदीकडच्या तुकड्यातली वरची माती खरडून गेली. नंतर एक मंत्री येऊन गेले. गाडीच्या पायरीवर उभं राहून पाच-सात मिनिटं बोलले. सरकार तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे, एकही शेतकरी मदतीपासून वंचित राहणार नाही, पंचनाम्याचे आदेश दिलेत. सगळ्यांनी माना हलवल्या, मी पण हलवली. घरी वडील अंथरुणावर असतात, त्यांनी विचारलं काय म्हणाले रे, आणि मला एक गोष्ट सांगता येईना. मलाच कळत नाही का काय?

उत्तर : दादा, तुम्हाला बरोबर कळलंय. वडिलांना सांगता आलं नाही कारण सांगण्यासारखं काही बोललंच गेलं नव्हतं. मी एक साधी गोष्ट करते, तुम्ही पण करून बघा, वाक्य उलटं करायचं. ‘सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी उभं नाही’ असं कुठला मंत्री, कुठल्या पक्षाचा, कधी बोलेल का? नाही ना. मग जे उलटं कुणी बोलूच शकत नाही ते सुलटं बोलून पण काही सांगितलं असं होत नाही. ते वाक्य पुरात पण चालतं, दुष्काळात पण चालतं, कांद्याचे भाव पडले तरी चालतं आणि साखर कारखान्याच्या गव्हाणीची पूजा असली तरी चालतं. आणि मुख्य म्हणजे ते खोटं ठरवता येत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही म्हणालात की साहेब तुम्ही पाठीशी नव्हता, तर ते म्हणणार होतो की. तुम्ही काय दाखवणार?

आता त्याच पाच मिनिटांत काय सांगता आलं असतं ते बघा, म्हणजे फरक कळेल. अतिवृष्टी धरायची तर तुमच्या महसूल मंडळात (काही गावं मिळून एक मंडळ होतं) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडलेला असावा लागतो, तर आमच्या मंडळात किती पडला, नोंद झाली की नाही? पंचनामा तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, तर आमच्या गावात ते कुठल्या दिवशी येणार? नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत बसते. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० असे दर होते, म्हणजे कोरडवाहूला एकरी साडेतीन हजाराच्या आत. खरडून गेलेल्या जमिनीला वेगळं होतं, अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,०००. गाळ साचला असेल तर १८,०००. दुभतं जनावर वाहून गेलं तर ३७,५००. नंतर ऑक्टोबरमध्ये राज्याने पॅकेज जाहीर केलं त्यात रब्बीसाठी हेक्टरी १० हजार जादाचे धरले. हे सगळे आकडे कमी आहेत की पुरेसे त्यावर भांडता येईल, आणि भांडलंच पाहिजे, पण भांडायला आधी आकडा तर हातात यायला हवा. पाठीशी उभं राहण्यावर कसं भांडणार?

एवढं सांगायला किती वेळ लागला असता, तीन मिनिटं? तुमच्या नदीकडच्या तुकड्याचं पिकाच्या पंचनाम्यात जमत नाही, त्याची जमीन खरडल्याची नोंद वेगळी व्हायला लागते, हे एक वाक्य जरी कुणी त्या पायरीवरून सांगितलं असतं ना तर गावातल्या किती जणांनी तलाठ्याला तिथेच गाठलं असतं. मोघम बोलण्याने लोकांचं नुकसान होतं ते असं होतं. हे फक्त भाषेचं दुखणं नाही, एखाद्याचे हेक्टरी ४७ हजार त्याला माहीतच नसल्याने जाऊ शकतात.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारला तोच प्रश्न पायरीजवळच्या कुणीतरी तिथल्या तिथे विचारायला पाहिजे होता.

प्रश्न : आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा, पाऊस कधीच नीट नाही. दरवेळी पेपरात येतं ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. दुष्काळ आहे का नाही ते सरळ का सांगत नाहीत? माझी आजी म्हणते विहीर कोरडी म्हणजे कोरडी, कोरड्यासारखी कशी असेल.

उत्तर : आजींचं म्हणणं मला फार आवडलं, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्यात आहे. नेत्यांच्या तोंडचे काही शब्द पोकळ असतात पण निरुपद्रवी नसतात. ‘सदृश’ हा त्यातला सगळ्यात महागडा शब्द आहे.

दुष्काळ जाहीर झाला की काही गोष्टी आपोआप लागू होतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, शाळा-कॉलेजच्या परीक्षा फीची माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषात शिथिलता, गरज पडेल तिथे टँकर, आणि पंपाची वीज तोडायची नाही. म्हणजे ‘दुष्काळ’ हा शब्द एकदा कागदावर आला की सरकारवर जबाबदाऱ्या येऊन पडतात. म्हणूनच तो शब्द उच्चारायची सरकारांची तयारी नसते, मग टंचाई म्हणतात, टंचाईसदृश म्हणतात, दुष्काळसदृश म्हणतात.

२०१६ चं तर मी कधीच विसरणार नाही. लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते वर्ष. हजारो गावांत ‘दुष्काळसदृश’ चालू होतं, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलेलं, आणि मे महिन्यात सरकारने आदेश काढला की जिथे जिथे ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय तिथे ‘दुष्काळ’ असं वाचावं. २९ हजारांवर गावं होती ती. त्या आदेशाने विहिरीत एक हंडा पाणी वाढलं नाही की कमी झालं नाही, आदल्या दिवशी जमीन जशी होती तशीच दुसऱ्या दिवशी होती. बदलला तो फक्त एक शब्द, आणि तो बदलायला कोर्टात जावं लागलं. मे महिन्यापर्यंत! म्हणजे अख्खा उन्हाळा लोकांनी ‘सदृश’मध्ये काढला.

पुढेही तेच. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश म्हणून झालं आणि महिनाअखेरीला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ आणि मग नोव्हेंबरात १०२१ महसूल मंडळांमध्ये पुन्हा दुष्काळसदृश. सवलती त्यांनाही लागू केल्या, ते मान्य केलं पाहिजे. दुष्काळ ठरवायची केंद्राची २०१६ ची संहिता आहे, तिचे निकष किचकट आहेत आणि राज्याचे हात काही प्रमाणात बांधलेले असतात हेही खरं. पण मग तसंच सांगा ना लोकांना, की बाबांनो तुमचं मंडळ या या निकषात बसत नाही, अमुक इतका पाऊस आणि पिकाची अशी स्थिती नोंदली गेलीये, तुम्हाला मान्य नसेल तर हरकत इथे घ्या. हे ऐकून माणूस चिडेल पण त्याला पुढचं पाऊल तरी समजेल. आजींना सांगा तुमचं बरोबर आहे. आणि पुढच्या वेळी कुणी ‘सदृश’ म्हणालं की तलाठी कार्यालयात जाऊन एवढंच विचारा की सवलतींच्या यादीतलं आम्हाला काय लागू आणि काय नाही. लेखी.

प्रश्न : सिंधुदुर्गातून लिहितेय. आमच्या वाडीला जायला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव आहे, छोटा लाकडी पूल, पावसात त्यावरून पोरं शाळेत जातात तेव्हा मी दारात उभी असते ती परत दिसेपर्यंत. नवीन साकव तीनदा ‘मंजूर’ झाला. तीन वेळा बॅनर लागले, एकदा नारळ पण फुटला. साकव काही झाला नाही. कुणी खोटं बोलतंय का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दारात उभी असते ती परत दिसेपर्यंत, या एका ओळीत जेवढं आहे तेवढं मी ऐकलेल्या शेकडो भूमिपूजनांच्या भाषणांत नव्हतं.

कुणी खोटं बोलत असेलच असं नाही आणि तीच अडचण आहे. ‘मंजूर’ हा शब्द इतका सैल आहे की त्यात काहीही बसतं. सरकारी काम पुढे सरकतं ते टप्प्याटप्प्याने. आधी कुणीतरी पत्र देतं, साहेब त्यावर शेरा मारतात, तेव्हाच बॅनरवाला म्हणतो मंजूर. मग बजेटमध्ये किंवा जिल्हा नियोजनच्या आराखड्यात नाव येतं, पुन्हा मंजूर. मग प्रशासकीय मान्यता निघते, हा पहिला खरा कागद, त्याला नंबर असतो, तारीख असते, रक्कम असते. त्यानंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे इंजिनिअरने एस्टिमेट तपासून सही केली. मग निविदा. आणि शेवटी कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात, त्यात ठेकेदाराचं नाव आणि काम किती महिन्यांत पुरं करायचं ते लिहिलेलं असतं. नारळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर फुटू शकतो. मी स्वतः अशा भूमिपूजनाची बातमी केलीये जिथे निविदा निघायची होती, आणि मी ते विचारलं नव्हतं. त्या रस्त्याची खडी पुढची चार वर्षं पडली नाही. दरवर्षी त्या गावावरून जाताना मला माझीच बातमी आठवायची, ‘रस्त्याचा प्रश्न मार्गी’ असं हेडिंग होतं.

तर आता मंजूर झालं का हे विचारूच नका. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय, हे विचारा. समोरचा थबकला की समजा कागद नाहीये. नंबर मिळाला तर विचारा निविदा कधीची, वर्क ऑर्डर कुणाच्या नावाने. शासन निर्णय असेल तर तो सरकारच्या वेबसाइटवर असतो आणि प्रत्येकाला संकेतांक असतो, तालुक्याच्या ठिकाणी सेतूवाला किंवा कॉलेजातली कुणी पण मुलगी काढून देईल. काहीच हाती लागलं नाही तर माहिती अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्यात त्या अर्जाला नियमाने १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच लागतो, म्हणून फाफटपसारा नको, ‘अमुक वाडी साकव कामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा व कार्यारंभ आदेशाच्या प्रती मिळाव्यात’ एवढं पुरे. जि.प.चं काम असेल तर तिथल्या बांधकाम विभागाला, नाहीतर सार्वजनिक बांधकामला.

उत्तर आलं की मला कळवा. खरंच कळवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : मी बेळगावचा. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस असतो. आजोबा फेरीत जायचे, वडील गेले, मी पण जातो. महाराष्ट्रातले नेते म्हणतात सीमाबांधवांच्या पाठीशी अख्खा महाराष्ट्र आहे. तीन पिढ्या तेच वाक्य. आता ऐकताना काहीच वाटत नाही आणि काहीच वाटत नाही याचीच भीती वाटते.

उत्तर : ही भीती खरी आहे, आणि मोघम भाषणाचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. एखादं वाक्य सत्तर वर्षं वापरलं की ते बोथट होतंच, पण ते ऐकणाऱ्यालाही बोथट करून जातं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगावसारखा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासून हा विषय आहे, १९६६ ला या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, २००४ ला महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला, २०२२ च्या डिसेंबरात विधिमंडळात सीमाभागातल्या ८६५ गावांबद्दल ठराव झाला. आणि पलीकडून कर्नाटकातूनही एक इंचही देणार नाही हे तितक्याच आवाजात चालू असतं. दोन्ही बाजूंनी इंच, आणि मधे माणसं, ज्यांना सातबारा कुठल्या भाषेत मिळणार, पोराने कुठल्या शाळेत जायचं हे रोज ठरवायचंय.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. २०२३ ला महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना या ८६५ गावांतल्या लोकांसाठी लागू केली. त्याला कर्नाटक सरकारने विरोध केला, त्यावर मतं असू शकतात, पण हा निर्णय ‘पाठीशी आहोत’ या वाक्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, कारण तो तपासता येतो. आजारी माणूस हॉस्पिटलात गेला, त्याला योजनेतून उपचार मिळाले की नाही मिळाले, हो किंवा नाही. म्हणून पुढच्या १ नोव्हेंबरला जो कुणी माईक हातात घेईल त्याला तुमच्यातल्या तरुणांनी दोनच गोष्टी विचाराव्यात, कोर्टातल्या दाव्याची पुढची तारीख कधी आहे आणि गेल्या वर्षभरात त्या योजनेत किती सीमावासीयांवर उपचार झाले. आकडा शून्य असला तरी चालेल, तो सांगा म्हणावं. आजोबा फेरीत चालले त्यांना एवढं उत्तर मिळण्याचा हक्क होता.

प्रश्न : मी एका लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात आहे, नाव-गाव छापू नका. भाषणाचे मुद्दे मीच काढून देतो. ‘सर्वसामान्य माणूस केंद्रबिंदू’, ‘कटिबद्ध’, ‘युद्धपातळीवर’, ‘तळागाळातल्या शेवटच्या घटकापर्यंत’, हे सगळं मी लिहितो. पोट आहे. साहेब माणूस म्हणून चांगले आहेत. पण आकडा-तारीख लिहिली की ते खोडतात, म्हणतात उद्या पकडतील.

उत्तर : भाऊ, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, मी पण तसंच लिहिते. ‘उद्या पकडतील’ हे साहेब खरं बोलले. आणि ज्या वाक्यात पकडता येतं तेच आश्वासन असतं, बाकी सगळी बोलाची कढी.

साहेबांची बाजू पण मला माहीत आहे. आमदाराच्या हातात लोकांना वाटतं तेवढं नसतं, निधी कुठे अडतो, फाईल कुठल्या टेबलावर झोपते हे त्यांनाही धड कळत नाही, आणि ‘नाही’ म्हटलं की कार्यकर्ता दुखावतो. पण तुम्ही एक करून बघा. एका सभेत, छोट्या, वाडीवरच्या, साहेबांना हे बोलायला द्या की ‘तुमचा कालव्याचा विषय माझ्या हातात नाही, तो जलसंपदा विभागाकडे आहे, मी या महिन्याच्या १५ तारखेला अधीक्षक अभियंत्यांकडे जातोय, तुमच्यातले दोघं माझ्याबरोबर या.’ मी माझ्या नोकरीत असं बोललेला एकच झेडपी सदस्य बघितला. लोक टाळ्या वाजवायचे विसरले, सभा संपल्यावर त्याच्याभोवती गोळा झाले आणि कोण दोघं जायचं यावर चर्चा करायला लागले. तो पुढची निवडणूक जिंकला की हरला ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण तेवढ्यासाठी खरं बोलायचं नसतं.

तुमच्या कामाचं म्हणून अजून एक. लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती १९५३ पासून आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’, ‘माहिती घेऊन सभागृहाला सांगतो’ असली उत्तरं म्हणजे आश्वासनच धरायचं अशी वाक्यांची यादीच ठरवलेली आहे, आणि ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे बघा, ज्या वाक्याला आपण टोलवाटोलवी म्हणतो तेच सभागृहात बोललं की कर्ज म्हणून नोंदलं जातं. समित्यांकडे अशी आश्वासनं वर्षानुवर्षं पडून राहतात हेही खरं, पण निदान वहीत नाव असतं. मैदानावरच्या भाषणाला अशी वही नाही. तेव्हा साहेबांना गावातल्या सभेत शब्द द्यायला जड जात असेल तर निदान तोच विषय तारांकित प्रश्न म्हणून (ज्याला मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचं असतं) सभागृहात मांडायला लावा आणि मंत्र्यांच्या तोंडून काढून घ्या. प्रश्न ड्राफ्ट तुम्हीच करणार ना, मग ‘हे खरे आहे काय, असल्यास काय कार्यवाही केली’ एवढ्यावर थांबू नका, त्यात ‘कोणत्या दिनांकापर्यंत’ घाला.

प्रश्न : मुलगी सातवीत. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘माझ्या स्वप्नातला भारत’. तिने लिहिलं की शाळेच्या बाथरूममध्ये पाणी नाही म्हणून मुली डब्याबरोबरची बाटली दिवसभर अर्धीच पितात, आणि माझ्या स्वप्नातल्या भारतात नळाला पाणी असेल. सरांनी ते काढलं आणि ‘भारत महासत्ता होण्यासाठी आपण सर्वांनी कटिबद्ध होऊया’ घातलं. ती रडली. मी काय करू?

उत्तर : तिला तिचंच भाषण करू द्या, बक्षीस नाही मिळालं तरी. मला राग सरांचा नाही आला, त्यांनाही असंच शिकवलं गेलंय, आपल्या सगळ्यांनाच. ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ तिथून जी गाडी सुटते ती तीस वर्षांनी गाडीच्या पायरीवर उभी राहून पूरग्रस्तांशी तसंच बोलते. दिसलं ते सांगायचं नाही, शोभेल ते सांगायचं, हे आपण अकराव्या-बाराव्या वर्षी शिकवतो आणि नंतर विचारतो नेते असे का बोलतात.

सरांना जाऊन भेटा, भांडू नका. म्हणावं सर, सुरुवात तुम्ही सांगाल ती ठेवते, शेवट पण ठेवते, मधला नळ तेवढा राहू द्या. बरेचदा शिक्षक ऐकतात. आणि शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर पुढच्या बैठकीत तो बाथरूमचा मुद्दा तुम्ही स्वतः मांडा. तिने जे बघितलं ते मोठ्यांनी खरं धरलं एवढं तिला दिसलं ना की ती पुढे कधी कटिबद्ध होणार नाही, सरळ बोलेल.

प्रश्न : सगळंच ठरावीक बोलणं पोकळ म्हणायचं का? माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला आमदार आले, ‘कुटुंबाच्या दुःखात सहभागी’ म्हणाले. मला बरं वाटलं होतं.

उत्तर : बरं वाटलं ते योग्यच वाटलं. दुःखात, लग्नात, सणाला ठरावीक शब्दच लागतात, तिथे नवं काही सांगायचं नसतं, शेजारी येऊन बसायचं असतं. ते शब्द कशाच्या बदल्यात वापरले जात नाहीत. फक्त तेच सांत्वनाचे शब्द जेव्हा पंचनाम्याच्या जागी येतात, हॉस्पिटलात आग लागून माणसं गेल्यावर ‘दोषींची गय केली जाणार नाही’ म्हणून चौकशीच्या जागी येतात, तिथे माझा आक्षेप आहे. दहाव्याला नाही.

प्रश्न : ग्रामसभेत प्रश्न विचारला की म्हणतात ‘नोंद घेतली’, ‘पाठपुरावा करू’, आणि जास्त बोललं की माईक दुसऱ्याकडे देतात. मी एकटी बाई, रोज त्यांच्यातच राहायचंय.

उत्तर : ताई, भांडून स्वतःला एकटं पाडू नका, कागदाने बोला. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला लागतात, बऱ्याच ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. सभेच्या आठ-दहा दिवस आधी प्रश्न लेखी द्या, एकच प्रश्न, चार ओळींत, दोन प्रती. शक्य असेल तर बचत गटातल्या दोघी-तिघींच्या सह्या घ्या म्हणजे तुमचं एकटीचं नाव राहणार नाही. सभेत कुणी ‘नोंद घेतली’ म्हणालं की शांतपणे म्हणायचं, इतिवृत्तात काय लिहिलं ते वाचून दाखवा. ‘पाठपुरावा करू’ म्हणालं की विचारायचं, कुणाकडे आणि कधीपर्यंत, तेही त्याच ओळीत लिहा. आवाज चढवायची गरज नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात तेव्हा तुमची ओळ येते का तेवढं कान देऊन ऐका.

आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि आवक नंबर घ्या. साहेब जेवायला गेलेत, नंतर या म्हणतील. बसून राहा. नंबर पडल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.